दोन वर्षांचा हिशेब

मूल लहान असताना आईने स्वतःसाठी काही मागावे का? आमच्या समाजात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर सगळ्यांना आधीच माहीत आहे, असे गृहीत धरलेले असते. मूल थोडे मोठे होऊ द्या, मग बघू, एवढेच ते उत्तर. ते ऐकत ऐकत मूल मोठे होते, मग दुसरे होते, आणि बघायचे राहून जाते.

आम्ही म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणाऱ्या, तिशीतल्या, बी.एड. झालेल्या आणि घरी पाळणा हलत असलेल्या काही बायका. संख्येने फार नाही. प्रशिक्षणाला, जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामाला, कुणाच्या निकाहला भेटतो तेव्हा बोलतो. कुणाचा नवरा रेल्वेत आहे, कुणाचा रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, कुणाचे घोडनदीच्या बाजारात दुकान आहे. सासर एका तालुक्यात आणि शाळा दुसऱ्या तालुक्यात असलेल्याही आमच्यात आहेत. त्यांचा दिवस एसटीच्या वेळापत्रकावर चालतो.

एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. घरातला पुरुष खात्याच्या परीक्षेला बसला, की घर शांत होते. टीव्ही बंद होतो, मुलांना बाहेर काढले जाते, रात्री चहा टेबलावर येतो. आणि का नाही यावा? त्याला बढती मिळाली तर घराचेच भले आहे. पण सून पुस्तक उघडून बसली की घरात एक वेगळाच आवाज सुरू होतो. "आता काय गरज आहे?" असे कुणीतरी हळूच म्हणते. पाळण्यातले मूल रडले की तोच आवाज जरा मोठा होतो. उर्दूत त्या वागण्याला एक शब्द आहे, खुदगर्जी. मराठीत स्वार्थ. दोन्ही भाषांत हा शब्द तोंडावर म्हटला जात नाही, पण ऐकू येतो.

गरज काय, याचे उत्तर हल्ली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच दिले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात निकाल लागला. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या, आणि ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे त्यात सांगितले गेले. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लावावा की नाही, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याची शिफारस झाली. पण जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही काही अल्पसंख्याक संस्था नव्हे. निकाल ऐकला तेव्हा आमच्यातल्या एकीचे मूल चार महिन्यांचे होते. तिने लगेच हिशेब केला. दूध सुटायलाही साधारण दोन वर्षे, आणि परीक्षेलाही दोन वर्षे. बी.एड.सुद्धा २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. आमच्या आयुष्यात सगळे काही दोन-दोन वर्षांचे का असते, असे ती हसत हसत म्हणाली. हसली, पण त्या रात्री झोपली नसणार.

टीईटीच्या दीडशे प्रश्नांपैकी तीस प्रश्न बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे असतात. मांडीवर मूल घेऊन, डाव्या हाताने त्याला थोपटत, उजव्या हाताने गाइडमध्ये बालकाच्या विकासाच्या अवस्था पाठ करायच्या, ही गंमत प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या ध्यानात येणे कठीण आहे.

पण हा लेख परीक्षेविषयी नाही. परीक्षा ही सक्ती आहे, आणि सक्तीपुढे घरचे लोकही मान तुकवतात. नोकरी जाईल म्हटले की सासूबाईसुद्धा मूल घेतात. आमचा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे. ज्यात सक्ती नाही, पगारवाढ नाही, फक्त मनाची ओढ आहे, त्याचे काय? कुणाला एम.ए. करायचे आहे, कुणाला मुलांसाठी गोष्टी लिहायच्या आहेत, कुणाला कुरआनचा तर्जुमा पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून वाचायचा आहे. हे मागणे मुलाच्या हक्कातून काही काढून घेणे आहे काय?

अशा वेळी मासिकांत आणि व्याख्यानांत एक शब्द हमखास येतो, तारेवरची कसरत. स्त्रीने घर आणि ध्येय यांचा तोल सांभाळावा, असे सांगतात. आम्हांला ही उपमा मुळीच आवडत नाही. तारेवर एकटीच चालते. बाकीचे खाली उभे राहून बघतात आणि पडली नाही तर टाळ्या वाजवतात. तार कुणी बांधली आणि एवढ्या उंचावर का बांधली, हे कुणी विचारत नाही.

म्हणून आम्ही आमच्या दीनकडे वळून पाहिले. कारण खुदगर्जी हा शब्द फेकणारे बहुधा दीनचाच आधार घेतात. आईच्या पायाखाली जन्नत आहे, हे वाक्य तर प्रत्येकाच्या तोंडी असते.

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत मुलाला दूध पाजण्याविषयी तपशील आहे. पूर्ण मुदत करायची असेल तर दोन वर्षे, असे तिथे आहे, आणि ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच आयतीत पुढे जे आहे ते मात्र कमी लोकांच्या लक्षात राहते. मुलाच्या आईचा अन्नवस्त्राचा खर्च बापावर आहे. कुणावरही त्याच्या ताकदीपेक्षा जास्त बोजा नाही. मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही नाही. दोघांनी आपसांत रजामंदी आणि मशवरा करून दूध लवकर तोडायचे ठरवले तर त्यात गुन्हा नाही. दाई लावली तरी नाही, मात्र तिचा मोबदला रीतसर द्यावा. सूरह तलाकमध्ये तर तलाक झालेल्या बाईने मूल पाजले तर तिला तिची उजरत, म्हणजे मेहनताना द्या, असा स्पष्ट हुकूम आहे. दूध पाजणे हे प्रेम तर आहेच, पण ते काम आहे आणि त्याला मोल आहे, ही गोष्ट चौदा शतकांपूर्वी मान्य झालेली दिसते.

हनफी फिकहच्या आलिमांनी यावर आणखी बारीक विचार केला. आईने मुलाला पाजणे हे दियानतीने, म्हणजे अल्लाहपुढच्या जबाबदारीने, तिच्यावर वाजिब आहे. पण काझीने हुकूम काढून तिला त्यासाठी भाग पाडावे असे नाही. मूल दुसऱ्या कुणाचे दूध घेतच नसेल, किंवा दुसरी काही सोय नसेल, तर गोष्ट वेगळी. याउलट बापाने खर्च दिला नाही तर काझी तो वसूल करू शकतो.

हा फरक आम्हांला फार मोलाचा वाटतो. एखादी गोष्ट माझे कर्तव्य असणे वेगळे, आणि ते कर्तव्य दुसऱ्याने माझ्याकडून वसूल करणे वेगळे. पहिले माझ्या आणि माझ्या रबच्या मधले आहे. दुसरे जग करते. आलिमांनी आईचे दूध तिच्या ईमानावर सोपवले आणि बापाची जबाबदारी वसुलीयोग्य ठरवली. आमच्या घरांत नेमके उलटे झाले आहे. आईचे दूध, तिची झोप, तिची रात्र हे सगळे वसूल केले जाते, आणि बापाने मूल अर्धा तास घेतले की त्याला मदत म्हणतात. "आमचे हे फार मदत करतात हो," असे आम्हीच कौतुकाने सांगतो. स्वतःच्या मुलाला खेळवणे ही मदत कशी होईल?

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हा सगळा युक्तिवाद हवेत जाईल. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे आणि पुढे वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे, असे डॉक्टर सांगतात, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. हे काम वाटून घेता येत नाही. शरीर कुणाचा मशवरा ऐकत नाही. शाळेत चौथ्या तासाला दूध भरून येते आणि पदराखाली कपडे ओले होतात. ही गोष्ट आम्ही मुख्याध्यापकांना सांगू शकत नाही आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या राहतो. पण दूध सोडून बाकीचे? लंगोट बदलणे, रात्री खांद्यावर घेऊन फिरवणे, ताप आला की दवाखान्याच्या रांगेत बसणे, मालिश, आंघोळ, वरणभाताचा पहिला घास? यांतले एकही काम आईच्या शरीराला बांधलेले नाही. ते फक्त आईच्या नावावर लिहिले गेले आहे.

हजरत आयेशा (र.) यांना कुणी विचारले की प्रेषित (स.) घरात काय करीत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. प्रेषितांनी (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढल्याचेही हदीसमध्ये आले आहे. सजद्यात जाताना तिला खाली ठेवीत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत. आमच्या मोहल्ल्यात एखादा बाप असे करताना दिसला तर लोक काय म्हणतील?

पण सर्वांत जास्त विचार आम्ही बुखारी शरीफमधल्या एका हदीसवर केला आहे. नमाज लांबवण्याचा प्रेषितांचा (स.) इरादा असे. मागून एखाद्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला, की त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत. ही हदीस आम्ही लहानपणापासून रहमदिलीचे उदाहरण म्हणून ऐकत आलो, आणि ते खरेच आहे. पण नीट पाहिले तर त्यात आणखी काही आहे. ती आई मशिदीत होती. मूल तान्हे आहे म्हणून घरी राहा, असे तिला कुणी म्हटले नव्हते. मूल रडल्यावर तिने जमात सोडून जावे, अशीही अपेक्षा नव्हती. आणि नमाज सोडली गेली नाही, छोटी केली गेली. चाल बदलली ती इमामाने, ज्याच्या हातात सगळ्यांची चाल होती. मागे उभ्या असलेल्या सगळ्या पुरुषांची नमाज एका रडणाऱ्या मुलामुळे छोटी झाली.

आम्ही आमच्या प्रश्नाला इथून हात घातला. मूल रडले की कुणी आपली चाल बदलायची? आजची रीत अशी की फक्त आईने. शाळेची घंटा, नवऱ्याची पाळी, सासऱ्यांच्या जेवणाची वेळ, पाहुण्यांचे येणे-जाणे, यांतले काहीच हलत नाही. हलते ते फक्त तिचे पुस्तक.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडकडे यायचे तर वाटेत केडगाव लागते. तिथला पंडिता रमाबाईंचा मुक्ती मिशन या भागात सगळ्यांना माहीत आहे. रमाबाई आमच्या धर्माच्या नव्हत्या. ज्या धर्मात जन्मल्या तो त्यांनी सोडला आणि जो घेतला तोही आमचा नव्हे. पण आमच्या प्रश्नाच्या त्या सख्ख्या शेजारी आहेत. त्यांची मुलगी मनोरमा १८८१ च्या एप्रिलमध्ये जन्मली. मुलगी वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. त्याच वर्षी मुलीला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर पाहिजेत, असे त्यांनी तिथे मांडले. कडेवर मूल आणि हातात एवढे काम! पुस्तकाच्या पैशांतून १८८३ मध्ये त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि शिकवलेही. त्या काळात मुलगी बराच काळ वाँटेजच्या आश्रमातल्या भगिनींकडे होती. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या मुलीसह अमेरिकेला गेल्या. नंतर मुलीला इंग्लंडला परत पाठवून स्वतः अमेरिकेत हिंडल्या, कारण हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा होता. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. केडगाव त्यानंतरचे.

आनंदीबाईंचेही इथे आठवते. त्यांचे पहिले आणि एकुलते मूल दहा दिवसांचे होऊन गेले, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. पाळणा रिकामा झाला म्हणून ध्येय सुचले. पाळणा भरलेला असता तर समाजाने त्यांना जाऊ दिले असते का?

रमाबाईंच्या या कथेने आम्ही थोड्या अस्वस्थही होतो. पाच वर्षांच्या मुलीला समुद्रापार परत पाठवणे सोपे नव्हते, आणि मनोरमेला कुणी विचारले नव्हते. आयतीत मशवरा आईबापांचा आहे. मूल त्यात बोलू शकत नाही. म्हणूनच तिच्या बाजूने कुणीतरी बोलले पाहिजे, असा आमच्यातल्या काहींचा आग्रह असतो, आणि तो चुकीचा नाही. पण रमाबाईंनी मुलीला दुसऱ्यांच्या हाती सोपवले तरी तिच्याविषयी ठरवण्याचा अधिकार सोपवला नाही. मुलीचे धर्मशिक्षण कसे व्हावे यावरून त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. मोठी झाल्यावर मनोरमा आईच्याच कामात उभी राहिली. १९२१ मध्ये ती गेली आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई गेल्या. एवढ्यावरून आई बरोबर होती की चूक, हे आम्ही ठरवणार नाही. आम्हांला एवढेच दिसते की तिला वाँटेजच्या बायकांचे हात मिळाले नसते तर केडगावही झाले नसते.

हात हाच सगळ्यात अवघड मुद्दा आहे. सावित्रीबाई १८५६ मध्ये आजारी पडून माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या मागे फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. फातिमाबींचे नाव आम्ही अभिमानाने घेतो. पण त्या ओळीकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येते. जी कुरकुर करीत नाही तिच्यावरच काम पडते.

आमच्या घरात कुरकुर न करणारी कोण? कुठे दादी, कुठे नानी, कुठे घटस्फोट होऊन परत आलेली नणंद. आम्ही शाळेत जातो, अभ्यासाला बसतो, तेव्हा मूल त्यांच्याकडे असते. एकीच्या सासूबाईंना उमरवरून आल्यावर नाजरा कुरआन नव्याने, तज्वीदसह शिकायचा होता. मोहल्ल्यात दुपारी बायकांचा वर्ग होता. नात झाली आणि तो वर्ग सुटला. सूनबाईंचा एम.ए. चालू आहे. साठीतल्या बाईचे ध्येय हे ध्येय नसते का? तिला ते विचारण्याचे कुणाला सुचले नाही, आणि ती स्वतः बोलली नाही. तेव्हा, आम्ही हक्क मागतो तो खरा आहे, पण तो कुणाच्या पाठीवर ठेवतो हेही बघावे लागते. बापाच्या पाठीवर जे ठेवायचे ते आम्ही सोयीने दुसऱ्या बाईच्या पाठीवर ठेवतो, कारण बापाला सांगण्यापेक्षा सासूला विनंती करणे सोपे पडते.

सरकारही त्याच रीतीने विचार करते. राज्य सरकारने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. फार चांगले झाले, आम्ही तिचा फायदा घेतो. पुरुषांनाही ती दिली, पण कुणाला? ज्याची पत्नी हयात नाही, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे, त्याला. म्हणजे आई मेल्याशिवाय किंवा खिळल्याशिवाय बाप संगोपन करील, ही कल्पनाच नियम करणाऱ्यांना आली नाही! २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची अट घातली, आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ती राहिली. कारखान्यांचे ठीक आहे. आमच्या शाळेत शिक्षक चार किंवा पाच.

आणि सगळ्यात लहान पाठ कुणाची, हे तर आम्हांला रोज हजेरीपटावर दिसते. कांदा काढणीच्या, उसाच्या दिवसांत सहावी-सातवीच्या मुली गैरहजर राहू लागतात. घरी जाऊन विचारले तर उत्तर एकच मिळते, "छोटे भाई को कौन देखेंगा, टीचर?" अम्मी शेतावर मजुरीला गेलेली असते. तिचे काम हे ध्येय नव्हे, ती भाकरी आहे. त्या मुलीचे मात्र ध्येय आहे. तिला आमच्यासारखी टीचर व्हायचे असते, आणि बरोबर आम्ही जिथे अडकलो तिथेच ती अकराव्या वर्षी अडकते. कुणाचे तरी बाळ तिच्या कडेवर असते.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला ते वाढवले. तिथे त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवले की थोरली वर्गात बसू शकते, एवढा साधा तो विचार होता. बी.एड.ला आम्ही त्यांच्यावर टिपा लिहिल्या आणि गुण मिळवले. आज गावोगाव अंगणवाडी आहे, पण खाऊ मिळाला की तान्ही मुले घरी परततात. शाळा सुटेपर्यंत त्यांना सांभाळण्याची सोय तिथे नाही.

आमच्यातल्या काहींनी अशा मुलींना भावाला घेऊन वर्गात बसायला सांगितले आहे. दाराजवळ एक चटई टाकलेली असते. मूल रडले तर ती त्याला घेऊन व्हरांड्यात एक फेरी मारून येते. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारले की हे मूल पटावर कितवे? आम्ही म्हटले, पटावर नाही, बहिणीबरोबर आहे. असे चालत नाही, म्हणाले. त्यांचेही बरोबर असेल, नियमात बसत नाही. ते गेल्यावर आम्ही मुलीची हजेरी लावली आणि चटई तिथेच राहू दिली.